बाहीवरचा लाल रंग

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आमच्या इमारतीच्या लिफ्टला वाचा फुटली आहे. दार उघडतंय हे ती सांगते, दार मिटतंय हेही सांगते. माझ्याच घरापाशी मी पोचलो ही बातमी मला रोज तिच्याकडून ऐकावी लागते. व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार दिली, तर त्याने ती लिफ्टमध्येच चिकटवली.

त्या मानाने तू अगदीच मुका झालास. तुझ्या सौ.चं पत्र आलं. पाठीची सबब सांगून तू बाहेरच्या खोलीत झोपतोस म्हणे. दुकानात रंगाचे डबे उचलून पाठ धरते हे मान्य, पण दिवसभर बरी असलेली पाठ अंथरूण घालताच कशी धरते? भांडण असेल तर मी तिच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

उत्तर धाड, म्हणजे माझीही पाठ टेकेल.
तुझा,
दादा

९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भांडण नाही आणि पाठही ठणठणीत आहे. हे पत्र वाचून फाड.

महिनाभर माझ्या वीर्यात रक्त येतंय. दुखत नाही, ताप नाही, लघवीला त्रास नाही. आधी विटकरी होतं, आता गंजासारखं तपकिरी. गिऱ्हाइकाच्या भिंतीला रंग जुळवून देण्यात आयुष्य गेलं, तेव्हा छटा चुकणार नाही. चादरीवर डाग पाहून हिने विचारलं, तर दुकानातला रंग लागला म्हणालो. ते खरं वाटावं म्हणून आता रोज निघताना लाल ऑइलपेंटचं बोट बाहीला पुसतो आणि घरी येऊन बोलणी खातो.

बाबांचं प्रोस्टेटचं दुखणं तुला आठवतंच. त्या कर्करोगानेच ते गेले. डॉक्टरकडे गेलो तर तेच सांगतील, आणि हिला सांगितलं तर ही डॉक्टरकडे नेईल. म्हणून बाहेरची खोली. तुझ्या त्या शाळासोबती डॉक्टरला माझं नाव न घेता विचारशील का?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलं. तुकडे कसले म्हणून तुझ्या वहिनीने विचारलं, तर लिफ्टच्या तक्रारीचा मसुदा म्हणालो. खोटं बोलणं आपल्या रक्तातच आहे.

डॉक्टरला म्हणालो की धाकट्या भावाला असं असं होतंय. त्याने चष्मा काढला आणि सांगितलं की त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला असा एक धाकटा भाऊ असतो, तेव्हा मी न लाजता टेबलावर आडवं व्हावं. तो हातमोजा चढवू लागला. तू खरोखर आहेस याचे पुरावे मी देत गेलो, तसतसा त्याला माझा कळवळा येत गेला. शेवटी काम आठवल्याचं सांगून सटकलो.

त्याआधी ऐकलं ते असं. हे दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा साधं असतं: प्रोस्टेट ग्रंथीला सूज, जंतुसंसर्ग, कधी कारण सापडतच नाही आणि आपोआप थांबतं. तपकिरी म्हणजे जुनं रक्त. चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसाला एकदाच झालं, तर तो थोडं थांबून पाहायला सांगतो. पण वय चाळिशीपुढचं, रक्त परत परत येतंय, लघवीतही दिसतंय, जळजळ, दुखणं, ताप, किंवा घरात कुणाला प्रोस्टेटचा कर्करोग झालेला, यातलं एक जरी असलं तरी दाखवायचंच. तू सत्तेचाळीस वर्षांचा, महिना उलटला, आणि बाबा तर आपलेच. लघवी आणि रक्त तपासतात, रक्तदाब बघतात, आणि बोटाने मागून एक तपासणी करतात. ती अर्ध्या मिनिटाची.

सौ.ला सांग. निदान शर्ट तरी वाचतील.

रागावलास तरी जा.
तुझा,
दादा

१ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हिला सांगितलं. ती म्हणाली की ऑइलपेंट साबणाने निघत नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि चादरीवरचा डाग गार पाण्यातच निघाला होता. मी दुसरीकडे कुठे जातो असं तिला वाटत होतं. बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो तेव्हा तर खात्रीच झाली. कर्करोगाची शंका आहे म्हटल्यावर बरं वाटलं, असं तीच म्हणाली. मग खूप वेळ रडली.

दवाखान्यात माझं नाव पुकारलं, तेव्हा माझ्याआधी ती उठली. डॉक्टरीणबाईंना मी छटा सांगू लागलो, तर हिने हळूच पायावर पाय दिला. ग्रंथीला संसर्ग होऊन सूज आली आहे. अँटिबायोटिक चालू आहे. रक्ताचा निकाल चांगला आला, रक्तदाब मात्र चढलेला निघाला. रक्त पुन्हा दिसलं तर लगेच यायचं, नाहीतर गोळ्या संपल्यावर दाखवायचं. बाबांमुळे दरवर्षी रक्त तपासायचं. मी पुन्हा आतल्या खोलीत झोपतो. आता ही पंख्यावरून भांडते.

बाईंनी विचारलं की मोठा भाऊ आहे का, आणि त्याची तपासणी झाली का. तुझ्या पत्रात तू टेबलापर्यंतच पोचतोस. त्यामुळे मी दवाखान्याच्या पंख्याकडे पाहिलं.

जीव लावलास, तो असाच राहू दे.
धाकटा

८ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, आणि बाहीचंही सांगितलं. तिला हसू आवरेना. मग ते आवरलं, आणि मी कधी जाणार असं तिने विचारलं.

काल सकाळी जाऊन आलो. ती बाहेर बाकावर बसली होती. अर्धं मिनिट हे खरं, पण बरंच लांब असतं. रक्ताचा निकाल सोमवारी येईल. कळवीन.

तुझा,
दादा