सोनेरी रंगाखालच्या दोन ओळी

प्रिय दोर्साफ,

तुझ्या चित्रांच्या प्रदर्शनातून मी आणि बाबा न सांगता निघून आलो म्हणून तू रागावली असशील. मीही रागावले आहे, तेव्हा या पत्रात गोडवा शोधू नकोस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बाबांच्या ओळखपत्रावर जन्मापासून लिहिलेलं होतं, ‘बरका अतीक बेन शरूद’. म्हणजे बेन शरूदांनी, तुमच्या घराण्याने, गुलामीतून मोकळा केलेला बरका. मोकळी केली होती त्यांच्या पणजीला, यमनाला. पण तुमचे उपकार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खिशात घेऊन हिंडत होतो. गेल्या वर्षी बाबांनी हट्टच धरला, ‘अतीक’ काढून टाकायचं. कचेरीतला कारकून हसला, “काय आजोबा, या वयात नाव बदलून लग्न करताय की काय?” बाबा म्हणाले, “नाही रे बाळा, मरतोय. वर गेल्यावर ‘कुणाचा?’ म्हणून विचारलं तर काय सांगू?”

कोर्टाने यमनाच्या सुटकेचा मूळ कागद मागितला. जुन्या सरकारी दफ्तरातून त्याची नक्कल मिळाली. अक्षर किचकट होतं, पण शाळेत अरबी शिकवण्यात माझी उमर गेली, लावलं मी. यमनाला अल्लाच्या नावाने मोकळी केली आहे, असं वर लिहिलं होतं. आणि शेवटच्या दोन ओळी : तिने जेरबा बेट सोडून जावं. तिचा मुलगा मबरूक, वय सहा, धन्याच्या घरी राहील.

मबरूक म्हणजे बाबांचे आजोबा. तुमच्या घरातली प्रत्येक वरात त्यांच्या, आणि नंतर बाबांच्या, ढोलावर निघाली. “आई टाकून गेली, आम्ही सांभाळलं,” हे तुमच्या घरात त्यांना इतक्यांदा ऐकवलं गेलं की म्हातारपणीही ते बाबांना मांडीवर घेऊन म्हणायचे, “तिला सुटका हवी होती, मी नको होतो.” मी वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “आजोबांना हे कुणीच वाचून दाखवलं नाही गं.”

अशात तुझा फोन आला. यमनाचं भिंतीएवढं चित्र काढलंयस, त्यात घरातला तो अस्सल कागदच चिकटवलायस, बाबांना घेऊन ट्यूनिसला ये, म्हणालीस. बाबांना वाटलं, आता सगळं जग वाचेल. त्यांनी नवा जुब्बा शिवून घेतला.

कागद होता खरा. शेवटच्या दोन ओळींवर तू सोनेरी रंग फासला होतास. मी विचारलं तर माझा हात धरून म्हणालीस, “फार बटबटीत वाटत होतं गं, मसऊदा. चित्राला जरा उजेड हवा होता.” तेवढ्यात तुझा भाऊ आला. बाबांच्या नातवाच्या वयाचा तो! “बरका, वाजव की जरा, पाहुणे पॅरिसहून आलेत.” ढोल चित्राशेजारी मांडूनच ठेवला होता. बाबा म्हणाले, “सीदी, हात दुखतात.” त्या पोराला मालक म्हणून हाक मारली त्यांनी, त्या दिवशीसुद्धा. तू ऐकलंस, आणि पाहुण्यांकडे वळलीस.

परतताना, बेटाकडे येणाऱ्या बोटीवर बाबा एवढंच म्हणाले, “चेहरा मात्र झकास काढलाय पोरीनं. अगदी आजोबांचं नाक.” तो चेहरा तू त्यांच्याच चेहऱ्यावरून उचललास, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोर्साफ, ईदपासून बाबा अंथरुणाला खिळलेत. नाव बदलून आलं, त्याकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. त्यांना एकच हवं आहे : यमना गेली कुठे? तिच्या नावाने फातिहा पढायचा तर कोणत्या गावाकडे तोंड करून? दफ्तरात काही सापडत नाही. तुमच्या घरी अशा कागदांची पेटी भरलेली आहे, हे त्या दिवशी तूच पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतीस. तुमच्या दारात पुन्हा काही मागायला उभं राहायचं नाही, अशी मी शपथ घेतली होती. ती मोडून मागते आहे. ती पेटी उघड. काहीही निघालं तरी कळव. विकलं असेल तिला, तरी कळव. आणि लवकर कळव. बाबा सकाळीच मला बजावत होते, “पोरीला नीट लिही हं, टोचून बोलू नकोस.” काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवणार नाही.

अजून तरी तुझीच,
मसऊदा