वरची तार

१२ जानेवारी, रविवार

गेलं. दुसरी कोलांटी घेऊन खाली येताना वर वळलंच नाही, थेट नाकावर. पंखा तुटला, इंजिनात माती, पंख मधोमध मोडला. तीन आठवडे खपून केलेलं माझ्या हातचं पहिलं विमान — दोन मिनिटंसुद्धा उडलं नाही.

दादा हँडल हातात धरून उभाच राहिला. म्हणाला, "मी खेचलं. आलंच नाही वर."

मास्तरांनी पिशवी उघडून धरली. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि दादा, मैदानावर ही छोटी विमानं उडवणारे आता हे दोघेच उरलेत. आणि सोडायला मी. पडलेल्या विमानाला शिव्या द्यायच्या नाहीत, आधी तुकडा न् तुकडा वेचायचा, हा दादाचा नियम. वेचलं.

एवढी वर्षं विमानं तोच बनवायचा. गेल्या वर्षापासून त्याचा उजवा अंगठा थरथरतो. बाल्साचं हलकं लाकूड कापताना पातं घसरतं. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दातांच्या कवळ्या करून करून माझा हात बसलाय, बारीक कामाला मी घाबरत नाही.

१५ जानेवारी

लॅबमध्ये कवळ्यांचं मेण वितळवणारी मुलगी विचारत होती, "ताई, तुमचं ते विमान रिमोटवर असतं ना?"

नाही म्हटलं. रिमोट नाही, तारा. साठ फुटांच्या दोन बारीक पोलादी तारा, एका टोकाला विमान, दुसऱ्या टोकाला हँडल. माणूस मध्ये उभा राहून स्वतःभोवती फिरतो, विमान त्याच्याभोवती. मनगट मागे झुकवलं की वरची तार ओढली जाते, शेपटीची फळी उचलली जाते, विमान वर. पुढे झुकवलं की खाली. बास.

"मग चक्कर नाही येत?"

येते. सवय होते.

"आणि पडलं की?"

पडलं की पुन्हा बनवायचं. तिला ते काही पटलेलं दिसलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरंही गेलं. तसंच. खाली येताना.

"खेचलं गं मी. पूर्ण खेचलं."

मी घरी टेबलावर शंभरदा हलवून बघितलं होतं. लोण्यासारखं चालत होतं. सोडायच्या आधी मास्तरांनी विमान धरून ठेवलं, दादाने हँडल सरळ जोरात ओढलं, तारा पक्क्या. मग काय उरतं? हात उरतो.

बोलले नाही. पण माझ्या तोंडावर दिसलं असणार. 

५ फेब्रुवारी

वहिनी आली होती. चहा घेतला नाही, तशीच उभी. म्हणाली, परवा त्याला शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागली. ती लावायला गेली तर त्याने हात झटकला.

मग म्हणाली, "विमान पडलं तर पडलं. बसमध्ये पन्नास माणसं असतात."

हे माझ्याही मनात होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की अंगावर येतं. दादा सव्वीस वर्षं बस चालवतोय. एकदाही कुणाला खरचटलेलं नाही. डेपोत त्याला 'तराजू' म्हणतात — वळणावरसुद्धा उभ्या माणसाचा तोल जात नाही म्हणून.

९ मार्च, रविवार

तिसरं. मैदानाच्या कडेला नळ फुटून चिखल झालाय, तिथे रुतलं. मास्तरांच्या पायापासून दोन हातांवर. चिखल त्यांच्या चष्म्यावर उडाला. ते हसले, चष्मा पुसला आणि चार पावलं मागे सरकले.

दादा म्हणाला, "अडकतंय काहीतरी. मला हाताला जाणवतं."

मी पहिल्यांदा बोलले. "दादा, तीन विमानं. तिन्ही अडकली?"

"हो."

"टेबलावर नाही अडकत ती."

"टेबलावर उडवत नाही मी."

"तुझा हात उशिरा येतोय. मास्तरांना लागलं असतं आज."

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी त्याची पतंग फाडली होती, तेव्हासुद्धा असं बघितलं नव्हतं. मग खाली बसून तुकडे वेचायला लागला. नियम तो नियम.

११ मार्च

आज दुपारी सुट्टी घेऊन डेपोच्या डॉक्टरांकडे गेले. दादाला न सांगता. वहिनीला माहीत होतं. तीच म्हणाली, "मी गेले तर मला त्या घरात राहायचंय. तू जा."

मी सगळं सांगितलं. अंगठा, बटण, तीन विमानं. डॉक्टरांनी विमानांचं दोनदा विचारलं. "म्हणजे डोळ्यांना दिसतं, पण हात वेळेवर हलत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी हो म्हणाले.

बाहेर आले तर फाटकातून दादाचीच बस आत वळत होती. मी खांबाआड उभी राहिले. पन्नाशीला आलेली बाई, खांबाआड लपून.

१४ मार्च, शुक्रवार

दादाला बसवरून उतरवलं. तपासणीत ठाम काही निघालं नाही. थरथर आहे, कशाची ते आत्ता सांगता येत नाही, पण सावधगिरी म्हणून. आता हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायचं. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट. नोंद करायची आणि मालक आला तर द्यायचं.

कुणी सांगितलं हे त्याला कळलंय. संध्याकाळी फोन आला. मी म्हटलं, आता ऐकून घ्यायचं.

"बरं केलंस," म्हणाला. "माझ्याच्याने झालं नसतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मार्च

रविवारी येणार नाही म्हणाला. "मास्तरांना सांग."

३० मार्च, रविवार

वहिनी सांगत होती, जेवताना चमचा हातात धरून बघत बसतो. रस्ता ओलांडताना तिचा दंड धरतो. "दोन आठवड्यांत म्हातारा झाला गं." ती रडली नाही. मला वाटतं, माझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आली होती.

६ एप्रिल, रविवार

हे कसं लिहू.

आज माळ्यावरच्या तुकड्यांच्या तीन पिशव्या टाकून द्यायला काढल्या. तिसरं विमान चिखलात पडलेलं, त्याचा पंख जवळजवळ शाबूत. पंखातून बाहेर येणाऱ्या दोन्ही तारांची टोकं तशीच लोंबत होती. का कोण जाणे, पंख पायाखाली दाबून धरला आणि तारा हाताला गुंडाळून ओढल्या. विमान उडताना ओढतं तशा, जीव खाऊन. मग वरची तार आणखी ओढली.

अडकली.

सोडली, पुन्हा ओढली. पुन्हा अडकली. अर्ध्यावर. ढिली धरून हलवली की मोकळी. ताण दिला की अर्ध्यावर.

पंखावरचा कागद फाडला. आत तिकोनी पट्टी असते, तिला तार बांधलेली. तार स्वतःभोवती वळवून मी गाठ मारते. दादा त्यावर बारीक नळी चढवून टोक झाकायचा. मी नळी वापरली नव्हती. मला वाटलं, माझी गाठ त्याच्यापेक्षा सुबक आहे. त्या सुबक गाठीचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, ताण आला की पंखाच्या पुढच्या फासळीला तार जायला जे भोक असतं, त्याच्या काठावर टेकतं.

खात्री करायला पर्समधून निळा कागद काढला. कवळी चावताना कुठे उंच लागते ते बघायला आम्ही वापरतो तो. गाठीवर घासला, तार ओढली. फासळीवर निळा ठिपका. ठिपक्याखाली खाच. आधीचीच.

मग उरलेल्या दोन पिशव्या जमिनीवर ओतल्या आणि फासळ्या शोधल्या. दोन्हींवर खाच. त्याच जागी.

तो खेचत होता. तिन्ही वेळा खेचत होता.

७ एप्रिल

कामावर गेले. एका आजोबांची कवळी दोनदा बिघडवली. डेंटिस्टबाई म्हणाल्या, बरं नाही का तुला?

९ एप्रिल

आज सांगणार होते. गेले तर तो त्या छत्र्यांची गोष्ट सांगत बसला. एक बाई रोज येते म्हणे, रोज वेगळा रंग सांगते. हसत होता. किती दिवसांनी हसला. म्हटलं, उद्या.

१० एप्रिल

नाही सांगितलं.

११ एप्रिल

मनात काय काय येतं ते इथे तरी खरं लिहावं. हात थरथरतो हे तर खोटं नाही. आज ना उद्या उतरावंच लागलं असतं. मग सांगून काय मिळणार? — असं मी स्वतःला समजावते. चोर तो चोर, वर शिरजोर.

१३ एप्रिल, रविवार

सांगितलं. तिन्ही फासळ्या रुमालात बांधून नेल्या होत्या. ताटाशेजारी ठेवल्या.

दादाने एकेक उचलून उजेडात धरली. खाचेवर नख फिरवलं. वहिनी पोळी भाजत होती, तिचा हात थांबला. पोळी करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

"नळी नाही घातलीस?"

"नाही."

"मी दाखवली होती तुला."

"हो."

वहिनीने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. "त्या डॉक्टरांकडे तू किती ठामपणे बोललीस. मी म्हटलं, हिला कळतं, ही मशीनवर काम करते." मग तिला आठवलं असावं मला कुणी पाठवलं होतं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दादाने मग फासळ्या पुन्हा रुमालात बांधल्या. गाठ मारायला त्याला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी खेचलं होतं."

"हो दादा."

"मला वाटायला लागलं होतं की नुसतं मनात खेचतो. हातापर्यंत पोचतच नाही."

एवढंच. पण जेवण पुरं केलं त्याने.

१५ एप्रिल

रुमाल घेऊन डॉक्टरांकडे. या वेळी खांबाआड नाही.

त्यांनी फासळ्या बघितल्या, मला बघितलं. "बाई, विमानाचा आणि बसचा संबंध तुम्हीच जोडलात. आता तुम्हीच तोडायला आलात."

लिहून द्या म्हणाले. तिथेच बसून लिहून दिलं. विमानं माझ्या चुकीने पडली, माझ्या भावाच्या हाताचा त्यात दोष नव्हता. सही केली. पुन्हा तपासणी घेऊ म्हणाले, शब्द देत नाही.

२२ एप्रिल

वहिनी बोलत नाही. फोन दादाच उचलतो.

६ मे

तपासणी झाली. समोर दिवा लागला की ब्रेक दाबायचा, चाक फिरवायचं, असं तासभर. दादा सांगत होता, तरुण ड्रायव्हरांच्या बरोबरीने निघालो. थरथर आहे, पण ती बारीक कामाला, चाक धरताना नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, या अटीवर सोमवारपासून गाडी.

वहिनीने स्वतः फोन केला. "जेवायला ये." मी गेले. माझ्या ताटात तिने न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

१२ मे, सोमवार

त्याच्या बसमध्ये बसले, कामावर जायला. माझा रस्ता नाही तो, मुद्दाम बसले. उभी राहिले, दांड्याला न धरता. दोन वळणं. तोल गेला नाही.

उतरताना त्याने आरशातून बघितलं. "तिकीट काढलंस ना, बारके?"

१६ मे

चौथं विमान पुरं झालं. दोन्ही गाठींवर नळ्या. फासळ्यांची भोकं मोठी केली, काठ घासले. पंखावर कागद चढवायच्या आधी टेबलाला लावलेल्या शिकंज्यात पंख आवळून, पूर्ण ताण देऊन दोनशे वेळा ओढून बघितलं. निळा कागद कोरा. मग मास्तरांना बोलावून त्यांनाही ओढायला लावलं. ते म्हणाले, "आता यात अडकायला काही उरलंच नाही."

१८ मे, रविवार

मास्तरांनी सोडलं. मी पहिल्यांदाच आत, मधोमध, दादाच्या पाठीशी उभी होते. त्याच्याबरोबर फिरत. त्यानेच बोलावलं होतं, "इथून बघ, वेगळंच दिसतं." दोन कोलांट्या सुरेख. तिसरीला विमान खाली यायला लागलं. मी विमान बघत नव्हते. त्याचा हात बघत होते. हात जागचा हलला नाही.

पडल्यावर बराच वेळ तो हँडलकडे बघत होता. मग मला विचारलं, अगदी हळू, "मी खेचलं का गं?"

नाही दादा, मी म्हणाले.

हँडल निसटू नये म्हणून मनगटाला बांधलेला दोरा त्याने सोडवला आणि हँडल माझ्या हातात दिलं. "उद्या सकाळी सहाची गाडी आहे माझी. आत्ताच डेपोत फोन कर. तूच कर."