नोराबाईंची आयरिश आणि आमची रिया

मस्कत, शुक्रवार, ७ फेब्रुवारी २००३

शेजारच्या नोराबाई, आयर्लंडच्या नर्स, आज चहाला आल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे कुणालाही विचारा, आयरिश भाषा जगायला हवी ना? सगळे हो म्हणतात. सरकार शाळेत शिकवतं, पाट्या लावतं. दुकानात मात्र सगळे इंग्रजीच बोलतात."

"आणि तुम्ही?"

त्या ओशाळल्या. "आई आयरिश बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आता आई नाही."

ते ‘हो’ डोक्यातून जाईना. इथेच वाढणाऱ्या नातीला, रियाला, मराठी आलंच पाहिजे, असं मीही गावच्या, वसईच्या प्रत्येकाला सांगत असतो. आणि करतो काय? रिया कंटाळून उठून जाईल म्हणून चौथी पास आजोबा तिच्याशी मोडकं इंग्रजी बोलतो! हो म्हणणाऱ्यांतलाच मी एक, दुसरं काय?

संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला बसलो तेव्हा भीत भीतच रियाला म्हटलं, "बाय, आज मराठीतून म्हणूया?"

"मला नाही येत. तुम्ही हसणार."

"नाही हसत. माझ्या मागून म्हण."

दोन वेळा माझ्या मागून प्रार्थना नीट म्हणाली. तिसऱ्यांदा मी न सांगताच तिने सुरू केलं आणि मध्येच अडली. मी घाईघाईने इंग्रजी शब्द पुढे केला, तर माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणते, "आजोबा, वेट! मला येतंय."

मी थांबलो.