आमचा टोला स्वतंत्र झाला

२६ जानेवारी, सकाळ
मेघे, तुले आजीचा वाढदिवस आठवत नाई, अन् मागच्या महिन्यात तर फोन लावला अन् कायले लावला तेच विसरली. म्हणून हे तारीखवार बोलून ठेवून राह्यली. फोन लिहून घेते. मले वाचता येत नाई, तुले आठवत नाई. नातीआजीची जोडी चांगली जमली. सध्या हे माझ्यापाशीच राहीन.
आज मोठ्या गावच्या पंचायतीपुढं झेंडा झाला. आपला तिथला शेवटचा. ऑगस्टचा झेंडा आपल्या वस्तीत, टोल्यात, आपल्या पंचायतीपुढं. साठ वर्षं पाहून राह्यली, खांबावरचा लाइट असो की नाली, यादीत आपण शेवटी. आता यादीच आपली.

२ फेब्रुवारी
हद्द ठरवाले साहेब आले. नकाशा पसरला. प्रेमदास, माझा पुतण्या, उद्याचा सरपंच, म्हणे काकू, नाल्यापलीकडच्या जुन्या धुऱ्यापर्यंत, त्या बांधापर्यंत मागू. मी म्हटलं नाई, नाल्यापर्यंत. पलीकडं काय आहे? त्याहीचा उकिरडा अन् बेशरमाचं रान. ते त्याहीलेच लखलाभ.
साहेबानं दोनदा विचारलं, आजी, पलीकडं तुमचं काही नाई ना? म्हटलं, साहेब, तुमच्या नकाशापेक्षा मले शिवार पाठ आहे. प्रेमदासनं सही केली, मी आंगठा देल्ला.
मोठ्या गावच्या सरपंचानं, हिरालालनं, नकाशाची घडी स्वतः घालून देल्ली. सगळ्याईले चहा पाजला, आलं टाकून. हारला म्हणजे माणूस गोड होते.

१ मार्च
कागद आला! स्वतंत्र ग्रामपंचायत. डफडं वाजलं. प्रेमदासनं स्वतःच हार आणला अन् मले म्हणे, तूच माझ्या गळ्यात घाल.
निवडणूक होईस्तोवर प्रशासक. त्याच्याकडं चार गावं, आपल्याकडं तो मंगळवारी. शिक्का बनाले टाकला आहे.
तू फोनवर म्हटलं, इंग्लंडबी असंच देशायच्या मोठ्या गटातून निघालं. आपले कायदे आपण करू म्हणत. अन् मग आधी सरळ जाणारे ट्रक कागदासाठी बंदरावर उभे राह्यले. नीट विचार केलता का, विचारलं तुनं. पोरी, तिकडं समुद्र आहे. इकडं नाला आहे, त्यात भर पावसात बकरी डुबत नाई.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी मिरवणूक मोठ्या गावातून जाते, तुझी आत्या जयवंता दारात पाणी पाजते. यंदा परवानगी आपल्या हद्दीपुरतीच निघाली. नाल्यापाशी वळलो. जयवंता तिकडून हात हलवत होती. मिरवणूक छोटी झाली, पण सुटसुटीत.
नळ दहाच मिनिटं आला. नाहीतर पाऊण तास राह्यते. पंपावरच्या चिंधूले विचारलं. पोरगा आपल्या टोल्याचा, पण नेमणूक मोठ्या गावची. तो जमिनीकडं पाहून म्हणे, आजी, हिरालालभाऊले विचारा. मले वाटते, पंपच बिघडला असन. लाजते बिचारा सांगाले.

२७ एप्रिल
चार दिवस झाले, नळ नाई. प्रेमदासले म्हटलं, चाल, पाइप कुठं फुटला ते पाहू.
नळापासून पाइपाच्या मागं मागं गेलो. विहाराच्या मागून, तुरीच्या वावरातून, नाल्यात उतरला. फुटला नव्हता. नाल्यातून वर चढला. उकिरड्याच्या मागं, बेशरमाच्या रानात, विहीर, तिच्यावर चिंधूचा पंप, अन् तिथून दुसरा पाइप मोठ्या गावाकडं.
आपली विहीर, मेघे. बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आज्यानं टोल्यातल्या माणसाईले घेऊन खणलेली. काठाच्या दगडाले दोराच्या खाचा आहेत, त्यातली एक माझ्या बादलीची आहे. पंधरा वर्षं झाली, घरात नळ आला, इकडं कोणी फिरकलं नाई. वाट बुजली.
प्रेमदासनं डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. मीच म्हटलं, ऊन फार आहे.

३० एप्रिल
हिरालालकडं गेलती. खुर्ची देल्ली, मावशी मावशी केलं. म्हणे, पाण्याले नाई कोण म्हणते? पण आता तुम्ही दुसरी पंचायत. तुमचा ठराव पाहिजे, करार पाहिजे.
ठराव कोण करन? मेंबर नाईत. प्रशासकाचं या मंगळवारी ट्रेनिंग, पुढच्या मंगळवारी दुसऱ्या गावाचा दौरा. शिक्का अजून आला नाई.
हिरालाल हळूच म्हणे, नाहीतर परत या. मी म्हटलं, विचार करते. बोलणी चांगली झाली. आज चहा बिनआल्याचा होता.

९ मे, दुपार
टँकर तीन दिवसांतून एकदा, नाल्यापाशी उभा राह्यते. वर येत नाई, रस्ता त्याच्या कागदावर नाई. बायका रिकामे गुंड, कळशा घेऊन उतरतात. मी पुढं झाली तर त्याहीनं तोंड फिरवलं. आधी मले पाहून हसत होत्या.
पाच घराईले कुलूप. कोणी पुलगावले, कोणी आर्वीले पाहुण्यायकडं. पाऊस पडला की येतीन.
चिंधू कानात सांगून गेला. आजी, विहिरीचा तळ दिसून राह्यला. मोठ्या गावाले अजून सांगितलं नाई म्हणे.

१८ मे
मी जयवंताकडं आली. राहाले नाई, देखरेख कराले. तिच्या खिडकीतून पंप दिसते. टोल्याचं कोणीतरी इथं असाले पाहिजे.
प्रेमदासले फोन केला. त्यानं उचलला नाई.
आज मोठ्या गावातबी नळ दहा मिनिटं आला. हिरालाल स्वतः पंपावर गेलता.

२४ मे
सकाळपासून नळाखाली भांडं ठेवून बसली आहे. जयवंता म्हणते, आई, भांडं तापून राह्यलं, उचल. ठेवू दे म्हटलं.
हे सगळं आता तुले पाठवते. वर पहिल्याच दिवशी तुले विसरभोळी म्हटलं, ते या फोनमधून खोडता येते का, पाह्यजो.
काय पाठवू विचारत होती न. पार्सलवर मोठ्या गावचं नाव टाक, आपल्या पंचायतीचं टाकलं तर पोहोचत नाई. डाळतांदूळ नको, शिजवाले पाणी लागन असं काहीच नको. बिस्किटं पाठवजो. चिंधूसाठीबी एक पुडा टाकजो, तो पंपावरच बसून राह्यते. पण खारी नको पाठवू, पोरी. तहान लागते.