चार बोटांचा कान

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा मातीच्या हातांनी नमस्कार. (पत्रावरचे डाग त्याचेच आहेत.) सूनबाईंचा खोकला कसा आहे? तुझी बोटं कशी आहेत? माझी तब्येत उत्तम आहे; कंबर, मान आणि उजवं मनगट सोडून.

मागे फोनवर तू म्हणालीस की संधिवातानं बोटं इतकी वाकलीत की कपाच्या कानात एकही धड शिरत नाही, म्हणून कुणाकडे गेलीस की 'मी चहा सोडला' असं सांगतेस. चहा सोडला, आणि तू! ते माझ्या डोक्यातून जाईना. त्यात डॉक्टर मागे लागले होते की तुझी भावजय गेल्यापासून आठ महिने मी घरात कोंडून घेतलंय, आता बाहेर पडा. म्हणून कोपऱ्यावरच्या कुंभारकामाच्या वर्गात नाव घातलं. म्हटलं, ताईची चारही बोटं आरामात मावतील अशा कानाचा कप आपण स्वतः करू. अडतीस वर्षं फायलींशी झुंजलो, मातीचं काय एवढं!

मास्तरीण माझ्या निम्म्या वयाची, मला काका म्हणते. माती आधी चाकाच्या मधोमध बसवायची असते. तीन आठवडे ती बसली नाही. चाक फिरे, माती डुले आणि मातीबरोबर मीही. एकदा तर अख्खा गोळा सुटला आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर जाऊन बसला (तिथे मात्र अगदी मधोमध). त्यांनी दुसऱ्या दिवशी जागा बदलून घेतली.

पहिल्या कपाचा कान वाळता वाळता गळून पडला. दुसऱ्याचा टिकला, आणि त्या आनंदात मी तो पुरता वाळायच्या आधीच, मास्तरणीची नजर चुकवून, भाजायच्या भांड्यांत सरकवून दिला. बूड विटेएवढं जाड होतं. भट्टीत कप फुटला तो फुटला, आजूबाजूची पाच भांडी घेऊन फुटला. त्यात डॉक्टरीणबाईंनी नातीसाठी केलेली वाटी होती.

"काका, बूड आतून ओलं होतं. घाई केलीत," मास्तरीण एवढंच म्हणाली.

ताई, ती ओरडली असती तर परवडलं असतं. तुझी भावजयही जन्मभर हेच म्हणायची. आणि खरोखर घाई करायला हवी होती त्या दुपारी मी हॉस्पिटलखाली चहाच्या रांगेत उभा होतो, मागच्यांना 'तुम्ही घ्या आधी' म्हणत. दोन पेले घेऊन वर आलो तेव्हा नर्स पडदा ओढत होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. खापऱ्या गोळा करताना डॉक्टरीणबाईंना सांगून बसलो. त्यांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "वाटीचं काय, पुन्हा करू."

तिसरा कप भट्टीतून अख्खा आला. निळा आहे, थोडा वाकडा आहे, पण कुणीही बघून कपच म्हणेल. फक्त भाजल्यावर माती आटते (हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं म्हणे, मी तेव्हा चष्मा पुसून देत असेन). कान माझ्या चार बोटांच्या मापाचा होता. आता तीनच शिरतात आणि निघताना साबण लागतो. तुझ्या गाठी आलेल्या बोटांना तो काय उपयोगाचा? त्यातून मीच चहा पितो. आधण ठेवताना पाणी अजून दोघांचंच पडतं.

सूनबाईंना आशीर्वाद, बाकी मंडळींना ज्याला जे लागू असेल ते.

तुझा,
अक्षरशः माती खाल्लेला धाकटा

ता. क. मास्तरीण म्हणते, असं माप कागदावर काढून भागत नाही. ज्याचा कप त्याची मूठच ओल्या मातीवर दाबून घ्यावी लागते. म्हणजे तुला इकडे यावं लागणार. घडवणं, वाळवणं, भाजणं, झिलई, सगळं धरून महिना सहज जातो. मागची खोली झाडून, पलंगावर नवी चादर घालून ठेवली आहे.

आणखी एक. मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून पार्सलनंही पाठवता येतो, असंही ती म्हणाली. हे कळवणारच नव्हतो, पण पाकीट चिकटवताना राहवलं नाही. गोळा पाठवत नाही. तू ये.