नांदेडला शिकलो

उस्ताद, हा शब्द तुम्ही असताना माझ्या तोंडून कधी निघाला नाही. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मी तुम्हाला नावानं हाक मारायचो आणि तुम्ही मला कारकून साहेब म्हणायचात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी सोडून मी सोनपेठला मृदंग-पखवाजांचं दुकान टाकलं, ते तुम्ही पाहिलं नाही. बरं चाललं आहे. मात्र ते कसं जमलं हे ज्याच्यापाशी खरं बोलावं असं कुणी उरलं नाही.

गावच्या भजनात मृदंग मीच वाजवायचो आणि त्याची कातड्याची पुडी फाटली की नवी चढवून घ्यायला तुमच्या वस्तीवर यायचो. एका दुपारी तुम्ही लोखंडाचा कीस आणि भात एकत्र घोटून पुडीवरच्या काळ्या गोलाची शाई करत होता. मी बघत बसलो तो उठलोच नाही. शेवटी विचारलं, मला शिकवाल का? तुम्ही खो खो हसलात. "लिंगायताचं लेकरू कातड्याला हात लावणार? तुमचे आप्पा मला झाडाला बांधतेत की!" मी म्हणालो, आप्पांना कळणार नाही. त्या एका वाक्यावर माझं सगळं शिक्षण उभं राहिलं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मला लगेच राजीनामा द्यायचा होता. तुम्ही घाई करू दिली नाही. "रविवारी या. पोटाची नोकरी ऱ्हाऊ द्या. धा मृदंग तुमच्या हातून गावात जाऊ द्या. एक बी मानूस भांडायला आला न्हाई, तर मग सोडा कारकुनी." पुढची तीन वर्षं मी याच शर्तीवर काढली. पहिल्या वर्षी नुसत्या पुडी ताणायच्या कातडी वाद्या ओढल्या, हाताला घट्टे पडले. आप्पांना सांगितलं, जिनिंगात गाठी उचलाव्या लागतात. एकदा शाईचा पहिला थर वाळायच्या आत मी दुसरा चढवला. तुम्ही नखानं सगळी शाई खरवडून काढलीत. "ही काय कारकुनी हाय का, पान भरलं की झालं?"

आणि तुमच्या घरचा चहा. मी दर रविवारी म्हणायचो, आज उपास आहे. चार-पाच रविवार तुम्ही ऐकून घेतलंत. मग एक दिवस विचारलंत, "साहेब, सोमवारचा उपास कळतो. रविवारी कुन्या देवाचा धरता?" चुलीपासून तुमच्या घरच्या म्हणाल्या, "कोन्या का देवाचा असंना, उपासाला च्या चालतो." मी कप हातात घेतो. तुम्ही मुद्दाम दुसरीकडं बघत पुडी चाचपताय. आजही तो चहा आठवला की तुमची ती वळलेली मान दिसते.

विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा उसळला तेव्हा मी अर्धी ओढलेली पुडी तुमच्याकडं ठेवून गेलो होतो. पाच रविवार आलो नाही. आमच्या गल्लीतून तुमच्या वस्तीकडं जाणाऱ्यावर नजर होती, पण मला कुणी अडवलं नव्हतं. मी आपणहून घरात बसलो. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचो आणि त्याच हाताकडं बघायचं टाळायचो. सहाव्या रविवारी आलो तर तुमच्या वस्तीतलं एक छप्पर जळालेलं होतं. तुम्ही ओल्या फडक्यातून माझी पुडी काढलीत. "वाळली असती तर तडकली असती. रोज पानी मारायलोय." बाहेर तसलं चाललेलं असताना तुम्ही माझं अर्धं काम ओलं ठेवलंत.

दहा मृदंग गेले. भांडायला कुणी आलं नाही. मी नोकरी सोडली आणि त्याच साली तुम्ही गेलात. दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, कुणाकडं शिकलात? मी म्हणालो, नांदेडला, मोठ्या दुकानात. त्याला ते पटलं, घरच्यांनाही पटलं. आप्पा तर चारचौघांत अभिमानानं सांगायला लागले. मग तेच चालू राहिलं. विद्यापीठाचं नाव आता बदललं. बाकड्यावर बसून त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्ही बोलणारे येतात. मी शाई घोटत राहतो.

परवा बाजाराच्या दिवशी झरीची भजनी मंडळी बसली होती. पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला, केस पिकायला लागलेले. मंडळीतले एक म्हातारे म्हणाले, "मालक, हात लय गोड हाय तुमचा. शिकलात कुठं?" मी सवयीनं उत्तर दिलं. तेवढ्यात पायरीवरच्या माणसानं मान वर केली आणि मी ओळखलं, तुमचा मुलगा. परभणीला गवंडीकाम करतो असं ऐकलं होतं. तो आत आला नाही. टांगलेल्या एका मृदंगाच्या शाईवर त्यानं बोट फिरवलं, तुम्ही फिरवायचात तसंच, आणि म्हणाला, "नांदेडचं काम चांगलं असतंय." मग वळून गेला.

मंडळींना बसा म्हणून मी त्याच्या मागोमाग एसटी स्टँडवर गेलो. तुम्हाला लिहिलेला हा कागद त्याच्या हाती द्यावा असं काल लिहायला बसताना वाटत होतं, आता तेही वाटत नाही. घरी बायकोनं विचारलं, दुकान टाकून कुणाच्या मागं गेलात, भेटला का तो? मी सांगितलं, गाडी सुटून गेली होती.

गाडी उभी होती, उस्ताद. तो खिडकीपाशी बसला होता. मी खांबाआड उभा राहिलो, ती सुटेपर्यंत.