पाचवी चिठ्ठी

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! जुन्या सिनेमांच्या गोदामात तपासनीस. रोज एक डबा उघडायचा, रिळं बघायची, चिठ्ठीवर "ठेवा" किंवा "फेका" लिहायचं, जमल्यास एखादी सूचना करायची आणि चिठ्ठी डब्यातच टाकायची. लोकांच्या कामाला नावं ठेवायची आणि वर पगार! आई म्हणाली, तुझ्या जिभेला शोभेलसं काम मिळालं एकदाचं. राहायची खोली वरच्याच मजल्यावर, खिडकीला काळा कागद चिकटवलेला. साहेब महिन्यातून एकदा येतात. म्हणाले, आधीच्या चौघी काम अर्धवट टाकून निघून गेल्या, साधा निरोपही नाही. तीन महिने टिकलात तर नोकरी पक्की. मी बरी हलतेय इथून!

गोदाम सांभाळणारे काका मऊ बोलतात, सारखं ताई ताई करतात. धुळीसाठी त्यांनी एक जुना डगला दिला, चार ठिगळांचा. नवा मागितला तर म्हणाले, बजेट नाही.

गुरुवार, ७
तीन दिवस नुसता कचरा. एका सिनेमातली आंधळी नायिका आरशात बघून वेणी घालते. सगळ्यांना "फेका". काका चिठ्ठ्या वाचून गालात हसतात.

शुक्रवार, ८
आज काकांनी स्वतःहून एक डबा आणून दिला. सिनेमा कृष्णधवल, ना नाव ना नट. मुखवटा घातलेला माणूस सुऱ्याने एकेका बाईला मारतो, बस्स. असल्या सिनेमांचा मला मनापासून तिटकारा. सुरुवातीला तर चक्क कापडी बाहुलीला भोसकलंय. मी "फेका" लिहायलाच घेतलं होतं.

आणि मग, कबूल करते, जागची हलले नाही. पहिला खून फार लांबून घेतलाय. दुसरा जवळून, पण मुका. तिसऱ्यातली किंकाळी ऐकून मी आवाज कमी केला. चौथ्यात चेहरा दिसतो. काय कामं करतात या बाया! दिग्दर्शक दर खुनाला शिकत गेलाय. खिशात दमडी नाही, चौघींना एकच डगला, भोसकलं तिथे ठिगळ लावून पुढचीला. मला हसू आलं.

चिठ्ठीत लिहिलं: "ठेवा. सूचना: सगळे खून अंधारात उरकलेत. एक भरदिवसा, अजिबात घाई न करता दाखवला असता, तर या सिनेमाला तोड नव्हती." एवढं कौतुक मी जन्मात कुणाचं केलं नसेल.

सोमवार, ११
चिठ्ठीवर तारीख टाकायची राहिली म्हणून डबा उघडला. माझी चिठ्ठी नाही. तळाच्या कागदाखाली दुसऱ्या चार, चार वेगळ्या अक्षरांत.

"बाहुली आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. खरी बाई हवी."
"फार लांबून घेतलंय."
"किंकाळी ऐकू येत नाही."
"चेहरा दिसायला हवा."

चार चिठ्ठ्या. चार खून. प्रत्येकीने काढलेली चूक पुढच्या खुनात सुधारलेली — प्रत्येकीची तिच्याच —

डगला काढला. ठिगळं मोजली. पुन्हा मोजली.

मंगळवार, १२
फाटकाला कुलूप. किल्ली सापडत नाही म्हणतात काका. मोबाईलला इथे रेंज नाही, काकांच्या टेबलावरचा फोन बंद. साहेब यायला अठरा दिवस. माझी चिठ्ठी त्या टेबलावर, काचेखाली. इतक्या वर्षांत "ठेवा" कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

ओरडले. भिंती जाड आहेत. मला भीती वाटतेय. आई, मला खूप भीती वाटतेय.

बुधवार, दुपारी बारा
खोलीचं दार बाहेरून लावलं होतं. आता आत आलेत. खिडकीवरचा काळा कागद सोलून काढला — ऊनच ऊन — कॅमेरा तिकाटण्यावर — डगला मला घालायला लावला. मुखवटा अजून हातात आहे.

"ताई, उजेड पुरेल ना?"

मी वही छातीशी धरली. म्हणाले, लिहा की. घाई अजिबात नाही, तुमचीच सूचना. लिहून होईपर्यंत थांबतो.

म्हणून लिहितेय — बारीक अक्षरात — समासात — हे शेवटचं पान आहे — ते खुर्चीत बसून बघतायत — मी ओळ संपवणारच नाही, आणि मग, आणि मग, आणि आई मी, आणि